मूल्यशिक्षणाच्या तासाला दुसऱ्याची काळजी घेणं कसं शिकवता?

पंचवटीतल्या एका शाळेत सहावीला मराठी शिकवते. मागच्या महिन्यात वर्गातली एक मुलगी आठ दिवस आली नाही. आईवडील सुरगाण्याकडचे, रोज सकाळी कामासाठी पेठ नाक्यावर उभे राहतात. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडच्या बागांत जातात. नवव्या दिवशी आली तेव्हा कळलं, धाकट्या भावाला ताप होता, त्याला सांभाळायला ती घरी थांबली होती. ४१ मुलांपैकी एकानंही "कुठं होतीस गं?" असं विचारलं नाही. मीही रोज गैरहजेरी मांडून पुढचं नाव घेत होते. त्याच आठवड्यात परिपाठाला करुणेवरची बोधकथा झाली आणि तात्पर्य सगळ्यांनी पटापट सांगितलं. त्या रात्री मला झोप नाही लागली.

आपल्या दहा मूल्यांत वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणाच्या जोडीला संवेदनशीलताही आहे. पहिली दोन घड्याळ आणि नखं बघून तपासता येतात. तिसरीचं काय करायचं? तुम्ही वर्गात काय करता?

निवृत्त शिक्षिका, सिन्नर:
बाई, तात्पर्य विचारणं आधी थांबवा. नेल नॉडिंग्ज या अमेरिकी विदुषी, आधी गणिताच्या शिक्षिका होत्या. काळजी हे नातं आहे, ती समोरच्याला पोचली तरच पुरी होते, असं त्यांनी १९८४ मध्ये मांडलं. शिक्षकानं स्वतः तसं वागणं, मुलांशी बोलणं, त्यांना सराव देणं आणि त्यांच्यातलं चांगलं ओळखून ते त्यांना सांगणं, या त्यांच्या चार वाटा. सराव आपल्याकडे राहूनच जातो. माझ्या पाचवीत नियम होता: जो आला नाही, त्याच्या घरी बाकावरच्या सोबत्यानं वही न्यायची. सुरुवातीला कुरकुर झाली, मी रेटलं. दिवाळीनंतर एक पोरगा परत येऊन म्हणाला, "बाई, त्याचे वडील दवाखान्यात आहेत. त्याला वही नको, डबा पाहिजे." एवढं बघायला तो माझ्या कोणत्याच धड्यातून शिकला नव्हता.

पालक, सिडको:
एक विनंती. माझ्या लेकीच्या वर्गात सगळ्यांना गोल बसवून 'मनातलं दुःख सांगा' असं केलं. तिनं सांगितलं की पप्पांची कंपनीतली नोकरी गेली. नंतर मुलं तिच्याकडे कीव आल्यासारखी बघायची. दोन दिवस ती शाळेत जाईना. कुणाचं घर वर्गासमोर उघडं करून माया शिकवू नका.

अंगणवाडी सेविका, सातपूर:
टोरांटोत १९९६ साली मेरी गॉर्डन यांनी सुरू केलेल्या उपक्रमात वर्षभर तान्हं बाळ आईवडिलांसोबत वर्गात येतं. ते का रडतंय, त्याला काय हवंय, हे मुलं बघून ओळखायला शिकतात. शेजारी अंगणवाडी असेल तर चार-चार मुलं पाठवून बघा. आणि तुमच्या त्या मुलीनं आठ दिवस हेच केलंय की, ताई.

प्रश्न विचारणारी:
ताई, तुमचं वाक्य दिवसभर डोक्यात होतं. आज खिचडीच्या सुट्टीत तिच्याशेजारी जाऊन बसले. भावाच्या कपाळावर ओली पट्टी किती वेळानं बदलायची, तो कान धरल्याशिवाय झोपत नाही, पेजेत मीठ जास्त झालं की तोंड फिरवतो, सगळं सांगत होती. वर्गात सांगशील का विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाली. मी तो विषय तिथंच सोडला.

वहीचा नियम सोमवारपासून लावतेय. पहिली वही कुणाकडे न्यायची वेळ आली, तर मी त्या मुलासोबत जाणार आहे.