प्रतिसाद : विक्री वाढली, पण माल किती गेला?

आपल्या हळद पावडरीच्या व्यवसायाची विक्री ४० लाखांवरून ५९.८ लाखांवर गेली, म्हणजे धंदा दीडपट झाला, असे आपण म्हटले आहे; परंतु आपणच दिलेल्या आकड्यांनुसार गेल्या वर्षी ५०० क्विंटल माल क्विंटलला ८,००० रुपयांनी गेला होता आणि यंदा ४६० क्विंटल १३,००० रुपयांनी, तेव्हा वाढला आहे तो भाव, वजन उलट ८ टक्क्यांनी घटले आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे पाहणाऱ्याला हे नवे नाही. कच्च्या हळकुंडाचा भावही त्याच वेळी चढलेला असणार, म्हणून विक्रीशेजारी खरेदीचा आकडा मांडल्याशिवाय नफ्याविषयी काहीच बोलता येत नाही. बिलातला ५ टक्के जीएसटी सरकारचा असतो. तो विक्रीत धरला असेल तर आधी वजा करावा. परत आलेला मालही तसाच.

आपले बंधू अडत दुकान चालवतात आणि त्यांची उलाढाल आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, ही तुलना मात्र मुळातच चुकते. शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या अडत्याचे उत्पन्न म्हणजे त्याची अडत, म्हणजेच दलाली, मालाची पूर्ण किंमत नव्हे. उत्पन्न हिशेबात कसे धरावे हे सांगणाऱ्या लेखामानक ९ मध्येही दलालीच्या व्यवहारासाठी हेच सांगितले आहे. एक कोटीचा माल त्यांच्या पट्ट्यांवरून (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांवरून) गेला आणि अडत ३ टक्के असली, तर हिशेबात उत्पन्न ३ लाखच दिसेल. शिवाय उधारीवर दिलेला माल त्याच वर्षीच्या विक्रीत येतो, पैसे दिवाळीनंतर का मिळेनात.