लष्करी युतीत गेल्याने बलाढ्य शेजारी डिवचला जातो की त्याच्यावर वचक बसतो?

गिरणाकाठ (जळगाव)

राम राम मंडई. अभ्यासिकेत एक वाद अडकून पडलाय. एक गट म्हणतो, नाटो ही अमेरिकाप्रणीत लष्करी युती पूर्वेकडे, रशियाच्या दिशेने, सरकत गेली म्हणून युक्रेनवर युद्ध ओढवलं. दुसरा म्हणतो, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया २००४ मध्ये आत गेले म्हणूनच आज शाबूत आहेत. उदाहरणं दोघांकडेही आहेत, त्यामुळे कुणी हटत नाही. मुख्य परीक्षेच्या उत्तरात हे मांडायचं तर नेमकं काय तपासावं? आणि तटस्थ राहणं खरंच सुरक्षित असतं का?

थाळनेरकर (शिरपूर)

भाऊ, दोन्ही गट ‘सामील होणं’ ही एका दिवसाची गोष्ट धरून चाललेत, घोळ तिथेच आहे. आधी नुसतं आश्वासन, मग अर्ज, मग मंजुरी, मग सदस्यत्व आणि शेवटी जमिनीवर फौज. सगळ्यात धोक्याचा काळ पहिल्या तीन टप्प्यांचा. शेजारी चिडलेला असतो, पण संरक्षणाची हमी अजून लागू झालेली नसते.

एप्रिल २००८ ची नाटोची बुखारेस्टची बैठक बघा. जॉर्जिया आणि युक्रेन ‘सदस्य होतील’ असं जाहीर केलं, पण जर्मनी आणि फ्रान्सच्या विरोधामुळे सदस्यत्वाचा कृती-आराखडा, म्हणजे प्रवेशाच्या तयारीचा अधिकृत कार्यक्रम, दिलाच नाही. ऑगस्टमध्ये जॉर्जियात रशियाशी पाच दिवसांचं युद्ध झालं आणि नाटोवर लढायला उतरण्याचं कसलंही बंधन नव्हतं. माझ्या मते त्या बैठकीत दोन्हीकडचे तोटे एकाच ठरावात गोळा केले.

आता फिनलंड. नाटो कराराच्या कलम १० प्रमाणे नव्या सदस्याला सगळ्यांची संमती लागते, म्हणजे एक देश अडला तरी गाडी थांबते. फिनलंड आणि स्वीडनने १८ मे २०२२ ला अर्ज दिला. फिनलंड ४ एप्रिल २०२३ ला आत गेला. तुर्कस्तान आणि हंगेरीने अडवल्यामुळे स्वीडनला मात्र ७ मार्च २०२४ उजाडला. ही मधली फट त्यांनी आधीच हेरली होती. अर्जाच्या आठवडाभर आधी, ११ मे ला, ब्रिटनकडून दोघांनी परस्पर मदतीची लेखी ग्वाही घेतली. शिवाय सक्तीच्या लष्करी सेवेमुळे फिनलंडची युद्धकाळातली स्वतःची फौजच २,८०,००० ची. रशियाचं मोठं सैन्य तेव्हा युक्रेनमध्ये गुंतलेलं होतं, हेही उत्तरात लिहायला विसरू नका.

पांझराकाठ (धुळे)

थाळनेरकर सरांचं टप्प्यांचं म्हणणं पटतं, पण डिवचलं जाणं त्यांनी जरा हलक्यात घेतलंय. सीमेपलीकडच्या सेनापतीला करारापेक्षा तिथे काय आणून ठेवलंय याची चिंता जास्त असते.

तुर्कस्तान १९५२ मध्ये नाटोत गेला, तो सोव्हिएत संघाला लागून. त्यावरून युद्ध पेटलं नाही. पुढे तिथे अमेरिकेची अण्वस्त्रवाहू ज्युपिटर क्षेपणास्त्रं उभी राहिली, तेव्हा मात्र प्रकरण तापलं. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून १९६२ मध्ये संकट उभं राहिलं, तेव्हा अमेरिकेला ती काढून घेण्याचं गुप्तपणे कबूल करावं लागलं आणि १९६३ मध्ये ती निघाली.

याउलट नॉर्वे. १९४९ पासूनचा संस्थापक सदस्य, सोव्हिएत संघाशी जेमतेम दोनशे किलोमीटरची सीमा. आमच्यावर हल्ला झाला नाही किंवा हल्ल्याचा धोका दिसला नाही तोवर परक्या फौजांना तळ देणार नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच मॉस्कोला कळवलं. शांतताकाळात अण्वस्त्रंही ठेवली नाहीत. सदस्यत्व पूर्ण, पण शेजाऱ्याच्या दाराशी हत्यार नाही. या विषयात मला सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण हेच वाटतं आणि उत्तरपत्रिकांत ते क्वचितच येतं.

बाल्टिक देशांबद्दल एक दुरुस्ती. २००४ मध्ये सदस्यत्व मिळालं, पण बहुराष्ट्रीय तुकड्या २०१७ मध्ये आल्या: एस्टोनियात ब्रिटनच्या, लाटव्हियात कॅनडाच्या आणि लिथुआनियात जर्मनीच्या नेतृत्वाखाली. तेव्हा प्रत्येक तुकडी सुमारे हजार जणांची होती. एवढ्यांनी रशियाची फौज अडणार नाही. पण हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी ब्रिटिश आणि जर्मन सैनिक मरतील आणि त्या देशांना मागे सरता येणार नाही, हा त्यामागचा हिशोब.

गिरणाकाठ (जळगाव)

आभारी आहे दोघांचा. पण कलम ५ असताना मागे सरण्याचा प्रश्न येतोच कुठे? आणि तटस्थतेचं राहिलं.

वाघूरकर (भुसावळ)

कलम ५ नीट वाचा, दादा. एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला, हे खरं. पण पुढे प्रत्येक देशाने ‘आवश्यक वाटेल ती कृती’ करायची आहे. लष्करी बळ त्यात येतं, सक्तीचं नाही. म्हणून तर वर सांगितलेल्या तुकड्या लागतात.

भूगोलाचीही अट आहे. कलम ६ मध्ये क्षेत्र आखून दिलंय आणि गोवा त्यात बसत नव्हता. म्हणून डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगाल सदस्य असूनही नाटो आली नाही. पाकिस्तान १९५४ मध्ये सिएटो या आग्नेय आशियासाठीच्या युतीत आणि १९५५ मध्ये पश्चिम आशियासाठीच्या बगदाद करारात, म्हणजे पुढच्या सेंटोत गेला. १९६५ आणि १९७१ मध्ये त्यातलं कुणी त्याच्या बाजूने लढायला उतरलं नाही. साम्यवादी आक्रमणापुरतीच आपली हमी, असं अमेरिकेने सिएटोवर सही करतानाच नोंदवलं होतं. युती तपासताना शत्रू म्हणून कोण धरलाय, ते आधी बघा.

आपला ९ ऑगस्ट १९७१ चा सोव्हिएत करार तर युतीपेक्षाही सौम्य. त्याचं कलम ९ हल्ला किंवा हल्ल्याचा धोका आल्यास ताबडतोब सल्लामसलत करून योग्य पावलं उचलायला सांगतं, लढायला उतरायचं बंधन घालत नाही. तरी डिसेंबरात सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार भारताच्या कामी आला.

तटस्थतेचं म्हणाल, तर युक्रेनने २०१० मध्ये गटनिरपेक्षतेचा कायदा केला होता. २०१४ मध्ये क्रिमिया रशियाकडे गेला तेव्हा तो लागू होता. संसदेने रद्द केला त्या वर्षाच्या डिसेंबरात. रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने युक्रेनला दिलेल्या १९९४ च्या बुडापेस्ट ज्ञापनात सीमांचा आदर करण्याचं आश्वासन होतं, ते मोडल्यास मदतीला फौज पाठवायचं कलम नव्हतं. पहिल्या गटाला हा कालक्रम विचारा. ते बुखारेस्टचं वचन मागे घेतलं नव्हतं म्हणतील, आणि तो मुद्दा बिनतोड नसला तरी दखल घेण्याजोगा आहे.

थाळनेरकर (शिरपूर)

आणखी एक वाटही लिहा: बलाढ्य शेजाऱ्यालाच जाऊन मिळणं. खान्देशच्या फारुकी सुलतानांनी ती चोखाळली. राजे अली खानाने मुघलांचं वर्चस्व मान्य केलं आणि १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठच्या लढाईत तो मुघलांच्याच बाजूने लढताना पडला. त्याचा मुलगा बहादूर मुघलांपुढे झुकेना, तेव्हा अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला आला. जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड पडला, खान्देश मुघल सुभा झाला आणि शहजादा दानियालच्या नावाने त्याचं दानदेश केलं. अशा युतीत शेजारी उलटला तर दाद मागायला तिसरा कुणी उरत नाही.