मामांच्या द्राक्षबागेची साईट: वर्डप्रेस घेऊ की दुसरं काही?

दिंडोरीचा_भाचा
मंडळी, मामांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, थोडा बेदाणा पण करतात. पाच-सहा पानांची साईट होती, ओळखीतल्या एका पोराने पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत हाताने लिहून दिलेली, आता तो फोन उचलत नाही आणि साधा भाव बदलायचा तरी कोडात शिरावं लागतं. यंदा एप्रिल सरला, बाग खाली झाली तरी साईटवर ‘बुकिंग चालू’ तसंच, लोकांचे फोन मामांना आणि मामांचे मला. आता असा सीएमएस (कोडात न शिरता साईट बदलायचं सॉफ्टवेअर) हवाय की मामा स्वतः मोबाईलवरून बदलतील. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल वाचून डोकं गरगरलं. मजकूर सगळा मराठीत.

गंगापूररोडवाला
ड्रुपल दणकट आहे, पण पाच पानांसाठी म्हणजे दोन क्रेट न्यायला ट्रक बोलावल्यासारखं. वर्डप्रेस टाक. फक्त वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्गमध्ये गल्लत करू नको, कॉमच्या फुकट प्लॅनमध्ये पत्त्यात त्यांचं नाव राहतं आणि जाहिराती दिसतात, ऑर्गवरून सॉफ्टवेअर फुकट घेऊन होस्टिंग (साईट ठेवायची सर्व्हरवरची जागा) आपलं घ्यायचं. मोबाईल ॲप आहे, डॅशबोर्ड मराठीत होतो. आणि आधी बघ डोमेन (साईटचं नाव) कोणाच्या नावावर आहे ते!!

रात्रपाळी_कोडर
मी म्हणेन ह्यूगो, साध्या मजकुराच्या फायलींवरून साईट बनवणारं टूल. नुसती एचटीएमएल पानं तयार होतात, गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतात, डेटाबेसच नाही. माझ्या वर्डप्रेसवर एक प्लगइन (जादा सोयीसाठी जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं राहिलं आणि साईटवर जुगाराच्या लिंका उगवल्या, दोन रात्री साफ करत होतो.

गंगापूररोडवाला
आणि मामा ऑक्टोबर छाटणी सोडून ह्यूगोसाठी मार्कडाऊन (खुणा टाकून मजकूर लिहायची पद्धत) शिकत बसणार का? ऑटो-अपडेट चालू ठेव, प्लगइन चार-पाचच्या वर नको, अपड्राफ्टप्लस प्लगइनने बॅकअप गुगल ड्राईव्हवर. फुकटात मिळणारी चोरीची थीम तर अजिबात नको.

डीटीपीवाली_ताई
सीएमएस कुठलाही घ्या, पण जुना मजकूर बघितलात का? पत्रकं छापायला दिलेला असेल तर बहुतेक श्रीलिपीत (डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये) असेल, तो युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसतो, साईटवर चिकटवला की नुसता कचरा दिसतो. आधी कन्व्हर्ट करा, मग वाचून तपासा, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. दुसरं, वर्डप्रेस पानाच्या नावावरून मराठीतच पत्ता बनवतं. एकेका अक्षराचे, काना-मात्रेचेसुद्धा, नऊ-नऊ कॅरेक्टर होतात, नुसत्या ‘द्राक्ष’ शब्दाचे ६३, आणि मर्यादा २०० ची, म्हणून लांब नाव मध्येच तुटतं. व्हॉट्सॲपवर पाठवलं की टक्क्यांच्या चिन्हांची माळ. पत्ता हाताने इंग्रजीत लिहा, छोटा.

दिंडोरीचा_भाचा
ताई, श्रीलिपीच निघाली, तुम्हाला कसं कळलं 😄 वर्डप्रेसच करतोय. पण डोमेन त्या पोराच्याच ईमेलवर आहे. संध्याकाळी त्याच्या घरी जातोय. मामा पण येतायत, पेटी घेऊन, म्हणतात आधी बेदाणा देऊन बघू.