दर चौथ्या फेकीला ब्रेडचा (विणलेल्या दोरीचा) गुंता, मदत हवी आहे (गळाची मासेमारी, स्पिनिंग रीळ, समुद्र)

रांगडा_गळ (कोल्हापूर):
रीळ ४००० साइझचं, २० पौंडी ब्रेड, रॉड ८ फुटी, त्यावर १५–४० ग्रॅम लिहिलंय. ल्युअर (नकली आमिष) १० ग्रॅमचा. देवगडला खडकावरून तीन-चार फेकी झकास जातात, मग स्पूलवरून (रीळाची दोरी गुंडाळलेली चकरी) एकदम पुंजका सुटतो आणि रॉडच्या पहिल्या रिंगेत अडकतो. दोरी दुकानातच काठोकाठ भरून घेतली आहे. रीळ बदलायचं का?

घाटउतार:
रीळ बदलू नका दादा. "काठोकाठ" इथंच घोळ आहे. ब्रेड गुळगुळीत असते, वरचे चार-पाच वेढे एकत्रच निसटतात. स्पूलच्या काठाखाली दीड-दोन मिलिमीटर मोकळं राहील एवढी दोरी काढा. त्याहून फार कमी केली तर काठाला घासून फेक आखूड पडते.

ल्युअरही हलका आहे. १० ग्रॅमला तो रॉड वाकतच नाही. २०–३० लावा.

दोरी काढताना तळही बघा. ब्रेडखाली नायलॉनचे थोडे वेढे नसतील तर अख्खी दोरी स्पूलवर घसरते आणि माणूस उगाच ड्रॅग (दोरी किती ताणाला सुटेल ते ठरवणारा ब्रेक) आवळत बसतो.

रांगडा_गळ:
दोरी कमी करतो. फेकीनंतर हँडल फिरवूनच बेल (रीळावरची तारेची कमान) बंद होते, ते चालतं ना?

खारा_वारा:
नाही, खरी गोम तीच. ल्युअर पाण्यात पडला तरी वाऱ्यानं दोरीला झोळ असतो. हँडल फिरवलं की तो झोळ सैल वेढा होऊन स्पूलवर बसतो. त्यावर घट्ट वेढे चढतात आणि पुढच्या फेकीत खालचा सैल वेढा वरच्यांना घेऊनच बाहेर येतो.

ल्युअर पाण्याला टेकायच्या आत तर्जनी स्पूलच्या काठाला लावून दोरी थांबवा. बेल हातानं पाडा. रीळाच्या वर दोरी चिमटीत धरून ओढा, ताण लागला की मगच हँडल.

फेकताना लाइन रोलर (बेलच्या टोकाचं दोरीचं छोटं चाक) तर्जनीखाली आणा, दोरी बोटाच्या पहिल्या पेरावर घ्या, मग बेल उघडा. ल्युअर रॉडच्या टोकापासून दोन फूट लोंबता ठेवा. लीडर (ब्रेड आणि ल्युअरच्या मधे बांधलेला दोरीचा तुकडा) दीड फुटाचाच असेल तर गाठ रिंगेबाहेर राहते. वरचा हात पुढं ढकलतो, खालचा हात रॉडचा बुंधा पोटाकडं ओढतो. निम्मी ताकद खालच्या हाताची. वारा समोरून असेल तर फेक खालून, सपाट.

आधीचे सैल वेढे आत तसेच असणार. मैदानात सगळी दोरी सोडा आणि ओल्या फडक्यात धरून परत गुंडाळा. गुंता झालाच तर ओढू नका, टाचणीनं एकेक फास सैल करा.

रांगडा_गळ:
सराव रंकाळ्यावर केला तर?

घाटउतार:
काठावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, पाठीमागं कोण आहे ते दिसत नाही. मोकळं मैदान बघा, हुक काढून २५ ग्रॅमचं शिसं बांधा. आणि समुद्रावरून आल्यावर ड्रॅग आवळून रीळावर गोड्या पाण्याची हलकी धार धरा, जोराचा फवारा नको, मीठ आत ढकललं जातं. वाळल्यावर ड्रॅग सैल, रोलरला तेलाचा एक थेंब. रोलर अडकला तर दोरीला पीळ बसतो, की परत हाच धागा वर!