मदत हवी आहे: धावपळीत रोजची पूजा मन लावून कशी करता?

नमस्कार मंडळी, थोडं मार्गदर्शन हवंय. सकाळी मुलांची शाळा, मग ऑफिस आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत अंगात त्राणच उरत नाही, त्यामुळे पूजा म्हणजे देवांना स्नान, गंध, दिवा, हात जोडले की पळा. निरांजनाची वात नीट पेटली का हे बघायलाही थांबता येत नाही आणि ते मनाला फार लागतं, कारण देवापुढे शांत बसणंच तर मला हवंय. षोडशोपचार म्हणजे 16 उपचार रोज अवघडच, पण गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य अशी पंचोपचार पूजाही चालते, मानसपूजेला तर सामानही लागत नाही, हे माहितीये. प्रश्न मन लागण्याचा आहे. माळेचे 108 मणी ओढताना डोक्यात मीटिंगच चालू असते. नोकरी करणारे तुम्ही नेमकं काय करता, पहाटे उठता की रात्री झोपायच्या आधी बसता? प्रवासात नामस्मरण करणाऱ्यांचं लक्ष खरंच टिकतं का? आणि घरातल्यांनी आळीपाळीने पूजा केली तर माझ्या मते काहीच हरकत नाही, पण सासूबाईंना पटत नाहीये, त्यांना न दुखावता कसं सांगू? प्लीज, स्वतःचा अनुभव असेल तर सविस्तर लिहा.