इंग्रजी अहवालातील माझे स्वल्पविराम का खोडले जातात?

दांडियाबाजारची_लेखनिक
नमस्कार. माझे शिक्षण बडोद्यातील मराठी शाळेत झाले, पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि आता एका लेखापरीक्षकांच्या कार्यालयात इंग्रजी अहवालांचे मसुदे लिहिते. काळ आणि क्रियापदे यांच्या चुका फारशा होत नाहीत. परंतु परत येणाऱ्या प्रत्येक मसुद्यात दहा-बारा स्वल्पविराम खोडलेले असतात आणि जिथे मी एकही दिलेला नसतो तिथे नेमके घातलेले असतात. कारण विचारले तर ‘वाचून कळायला हवे’ एवढेच उत्तर मिळते. वाचताना जिथे किंचित थांबतो तिथे स्वल्पविराम द्यावा, असे शाळेत शिकवले होते आणि मी तेच करते. ‘द मॅनेजर सेड दॅट, द स्टॉक वॉज व्हेरिफाइड’ आणि ‘द बिल्स वेअर चेक्ड, नो एरर वॉज फाउंड’ या दोन्ही वाक्यांवर काल लाल रेघ आली. यांत चूक काय आहे?

कारेलीबागचे_निवृत्त_शिक्षक
ताई, या दोन्ही वाक्यांत आपली मराठी बोलते आहे. मराठीत ‘त्याने सांगितले की,’ असे लिहून ‘की’नंतर स्वल्पविराम देणारे पुष्कळ आहेत, आणि वाचतानाही आपण तिथेच थांबतो. इंग्रजीत मात्र ‘दॅट’ हा पुढच्या उपवाक्याचा पहिला शब्द मानला जातो, त्यामुळे त्याला त्या उपवाक्यापासून तोडता येत नाही. दुसऱ्या वाक्याचे तसेच आहे. ‘बिले तपासली, चूक सापडली नाही’ हे मराठीत निर्दोष. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे हा दोष समजतात आणि त्याला ‘कॉमा स्प्लाइस’ असे नावही आहे. तिथे पूर्णविराम द्यावा, अर्धविराम द्यावा किंवा स्वल्पविरामापुढे ‘अँड’ लिहावे. ‘हाउएव्हर’ मात्र फसवे आहे, कारण ते उभयान्वयी अव्यय नसून क्रियाविशेषण आहे. दोन वाक्यांच्या मध्ये ते आले तर त्याच्या आधी स्वल्पविराम पुरत नाही.

शाळेत शिकवलेला नियम खोटा नव्हता, जुना होता. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी पुस्तक काढून पाहिलेत, तर ‘दॅट’च्या आधीसुद्धा स्वल्पविराम सापडतील, कारण त्या काळी चिन्हे बरीचशी मोठ्याने वाचणाऱ्याच्या श्वासासाठी दिली जात. आजची इंग्रजी ती वाक्याची रचना दाखवण्यासाठी देते. आपल्याकडे तर गायकवाडी दप्तरातील मोडी कागदांत शब्दसुद्धा तोडून लिहिलेले नसत, मग विरामचिन्हे कुठली? ती मराठीत रुजवली एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांनी, आणि तीही इंग्रजीवरूनच. उसनी आणलेली वस्तू आपण आपल्या पद्धतीने वापरू लागलो, एवढेच.

न्यायालयीन_अनुवादक
सरांनी खोडलेल्या चिन्हांचे सांगितले; घातलेल्या चिन्हांविषयी मी लिहितो, कारण अहवालात खरा धोका तिथे असतो. ‘द इन्व्हॉइसेस विच वेअर अनसाइन्ड वेअर रिटर्न्ड’ याचा अर्थ, ज्या पावत्यांवर सही नव्हती तेवढ्याच परत केल्या. हेच ‘विच’पासून ‘अनसाइन्ड’पर्यंतचे शब्द दोन स्वल्पविरामांत ठेवले, तर एकाही पावतीवर सही नव्हती आणि सगळ्याच परत गेल्या, असा अर्थ होतो. मराठीत हे काम ‘ज्या-त्या’ची जोडी करते, म्हणून इंग्रजी लिहिताना चिन्हाकडे आपले लक्षच जात नाही.

एका स्वल्पविरामाची किंमत किती असू शकते, याचे अमेरिकेतील मेन राज्याचे उदाहरण आहे. तिथल्या कायद्यात ज्या कामांना जादा वेळेचा मोबदला लागू नव्हता त्यांच्या यादीच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते आणि ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. दूध पोहोचवणाऱ्या चालकांचे म्हणणे असे की, यादीत वितरण हे स्वतंत्र काम नाही, वितरणासाठी माल बांधणे हे काम आहे, आणि ते आम्ही करत नाही. (‘की’नंतरचा माझा स्वल्पविराम सरांनी पोटात घालावा.) २०१७ मध्ये अपील न्यायालयाने संदिग्धतेचा लाभ चालकांना दिला आणि २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

मुद्रितशोधक
अर्धविरामाबाबत माझे मत वेगळे आहे. तो जपून वापरावा. कार्यालयीन मजकुरात बहुतेक ठिकाणी पूर्णविराम अधिक बरा, कारण दोन छोटी वाक्ये तपासणाऱ्यालाही लवकर कळतात. शिवाय ‘इट्स’मधील ॲपॉस्ट्रॉफी फक्त ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांच्या संक्षेपात येते. ‘त्याचे’ या अर्थी ती येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे.

दांडियाबाजारची_लेखनिक
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘विच’चे उदाहरण वाचून मी मागील तिमाहीचा मसुदा पुन्हा उघडला, तर दोन ठिकाणी अर्थ खरोखरच बदललेला आढळला. आणखी एक शंका आहे. वाक्याच्या शेवटी अवतरण आले, तर पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत द्यावा की बाहेर?

कारेलीबागचे_निवृत्त_शिक्षक
अमेरिकी पद्धतीत तो आत जातो. ब्रिटिश पद्धतीत तो मूळ अवतरणाचा भाग असेल तर आत, एरवी बाहेर. आपल्या कार्यालयाचे जुने अहवाल काढून तिथे कोणती पद्धत चालते ते पाहा, आणि एका अहवालात दोन्ही येऊ देऊ नका.