'नदी' आणि 'नाला' हे शब्द एकाच मुळातले आहेत का?

बोरिवलीकर : दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून बाहेर पडते तोवर नदीच असते, पुढे वस्तीत शिरून दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती आल्या, की आम्ही सगळेच तिला बिनदिक्कत 'नाला' म्हणू लागतो. काल पुलावरून जाताना मुलीने विचारले, की नदी लहान झाली म्हणजे तिचा नाला होतो का, आणि 'नाला' हा शब्दही 'नदी'वरूनच आला का. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

संस्कृतप्रेमी : या दोन शब्दांचे एकमेकांशी नाते नाही. 'नदी'च्या मुळाशी 'नद्' म्हणजे आवाज करणे, गर्जणे हा धातू आहे. 'नाद' आणि 'निनाद' त्याच घरातले. ही व्युत्पत्ती फार जुनी आहे: अहीचा (पाणी अडवून धरणाऱ्या सर्पाचा) वध झाल्यावर तुम्ही गर्जत निघालात म्हणून तुमचे नाव नदी पडले, असे अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात प्रत्यक्ष पाण्यालाच उद्देशून म्हटले आहे, आणि यास्काचार्यांनीही वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या 'निरुक्त' या ग्रंथात 'नदना इमा भवन्ति शब्दवत्यः' (या नाद करणाऱ्या, आवाज असलेल्या आहेत) असे सांगितले आहे. 'सरित्' (सृ, म्हणजे सरणे) आणि 'निम्नगा' (सखल भागाकडे जाणारी) ही नावे मात्र चालीवरून पडली. 'नाला' आला तो 'नाल' म्हणजे पोकळ देठ यावरून. आपला नळ, नळी आणि बाळाची नाळ हे त्याचेच गोत. तेव्हा आपल्या कन्येला सांगावे, की एकीचे नाव आवाजावरून पडले आणि दुसऱ्याचे आकारावरून.

डोंगरवेडा : आकाराचा मुद्दा सह्याद्रीत डोळ्यांना दिसतो. दोन उभ्या कातळांमधल्या अरुंद, तीव्र घळीला आपल्याकडे 'नाळ' म्हणतात. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट अशीच, जिथून पावसाळ्यात पाणी उतरते आणि एरवी माणसे चढतात. भिंती घातलेल्या नदीला लोकांनी नाला म्हणावे, यात मला तरी शब्दाची चूक दिसत नाही. चूक भिंतींची आहे.

मूळ गाव वेंगुर्ला : एक पुरवणी जोडतो. मराठीतला 'नदी' हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला आहे. प्राकृतात त्यातला 'द' गळून 'णई' झाले होते, आणि कोकणीतले 'न्हंय' त्याच वाटेने आलेले आहे. आमच्या घरी आजी कधी 'नदी' म्हणाल्याचे आठवत नाही. मोठी ती न्हंय आणि घरामागचा ओढा तो व्हाळ. हा 'व्हाळ' 'वाहणे'च्या कुळातला, म्हणजे पुन्हा चालीवरूनच.